कार्तिकातला हापूस

"बाई, परवा तुमच्याकडं आमरस केलता काय?" मेथीची जुडी भिंतीवर ठेवत मंगलाकाकूंनी विचारलं.

"आमरस? काकू, तुळशीचं लग्नसुद्धा होऊन गेलं. आता कुठला आंबा?"

"तेच म्हणते मी. गच्चीवर कपडे काढाय गेले तर हापूसचा वास. म्हटलं, डब्यातला रस आणून बाईंनी पुऱ्या तळल्या, आणि वाटीभर शेजारी द्यायचं इसरल्या."

आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. तिच्यावरून आजवर किती वाट्या गेल्या आणि किती परत आल्या याचा हिशेब काकूंना तोंडपाठ. तेव्हा तो आरोप मी आधी झटकला. वास आमच्या स्वयंपाकघरातला नव्हताच. तो कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या गच्चीवरून आला होता, आणि तिथंही ना रस होता ना पुऱ्या.

काकूंच्या बोटांतली मेथीची काडी तशीच राहिली. "सांगा की मग! थांबलासा कशाला?"

कुणाच्या घरातलं चव्हाट्यावर आणू नये हे मलाही कळतं. पण कोपऱ्यावरच्या वहिनींनीच मला हे आपणहून सांगितलं, आणि 'कुठं बोलू नका' असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांचा मुलगा दहावीला. त्याच्या टेबलावर पेनांच्या डब्यात फिकट हिरव्या रंगाचं, बोटाएवढं, गुळगुळीत काहीतरी होतं. वहिनींना वाटलं हायलायटर. लाइट बिल भरायची शेवटची तारीख ठळक करावी म्हणून त्यांनी टोपण ओढलं, ते निघेना. बिलावर घासलं, रेघ उमटेना. शाई वाळली असेल म्हणून तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली, काही नाही. मग आत ओढून बघितलं, आणि खालच्या टोकाला निळा दिवा लागला. वहिनींच्या तोंडात हापूस आणि पाठोपाठ असा ठसका की शेजघरातून सासूबाई पाणी घेऊन आल्या.

"म्हंजे लेकाच्या आधी आईच घावली!" काकूंना हसू आवरेना. "आणि पोरगं काय म्हणालं?"

"म्हणाला, मम्मी, हे तंबाखू नाहीच. यात नुसता फ्लेवर असतो."

हे 'नुसता फ्लेवर' मी शाळेतही ऐकते. वेप किंवा ई-सिगारेट म्हणतात त्या नळकांड्यात एक बॅटरी, तारेचं वेटोळं आणि द्रवात भिजवलेला कापूस असतो. ओढलं की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वास आणि बहुतेक वेळा निकोटिन. पान नसतं, राख नसते, कपड्यांना वास राहत नाही. तंबाखूतलं जे माणसाला पुन्हा पुन्हा बोलावतं, तेवढं मात्र नेमकं काढून आत भरलेलं असतं. तो मुलगा आईला फसवत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते.

"पण हे असलं काढलं कुणी?"

"चीनमधल्या एका औषधवाल्यानं, काकू. होन लिक त्याचं नाव. २००३ साल. स्वतः सिगारेटी ओढायचा, वडील फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. सिगारेट सुटावी म्हणून त्यानं हे केलं."

"मग औषधच म्हणायचं की."

"म्हणणारे म्हणतात."

काकूंनी मेथी बाजूला सारली. त्या निपाणीच्या. तंबाखूचा विषय निघाला की त्यांना माहेरचा अधिकार प्राप्त होतो आणि मग आम्ही बाकीचे फक्त हुंकार द्यायचे. लहानपणी वखारीत बायका तंबाखू झाडायला बसायच्या तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्यालाही शिंका यायच्या, घरी आलेल्या आईच्या लुगड्यातला वास धुतला तरी जायचा नाही, हे मी अनेकदा ऐकलंय. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात शेतकरी तंबाखूच्या दरासाठी हायवेवर बसला आणि गोळीबारात माणसं मेली, तेव्हा काकू नुकत्या लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्या. "तंबाखू बंद करा म्हणायला काय जातंय," त्या म्हणतात, "विड्या वळणाऱ्या बाईनं दुसऱ्या दिवशी चूल कशावर पेटवायची?" यावर माझ्याकडं उत्तर नसतं. वळणारीच्या छातीत काय साठतं हेही त्यांनीच एकदा सांगितलं होतं, पण ते त्या वादात मोजत नाहीत.

या वेळी मात्र त्या मिशेरीवर आल्या.

मिशेरी म्हणजे काय हे आता नव्या पोरींना सांगावं लागतं. तंबाखूची पानं तव्यावर पार काळी होईपर्यंत भाजायची, चुरून भुकटी करायची, आणि ती बोटानं दातांना घासायची. भाजताना जो धूर होतो त्यानं शेजारच्या चार घरांना खोकला. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांची सकाळ या बोटानंच सुरू होते. दुपारी जेवणानंतर आणखी एकदा, आणि सासूशी वाजलं तर आणखी एकदा. काकूंची चपटी डबी कमरेला असते. कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणाला ठाऊक नाही असं धरून सगळे चालतात.

"मी नऊ वर्षांची असंन," काकू म्हणाल्या. "दात किडतोय म्हणून आईनं बोटावर दिली. बाई, काय सांगू! तोंड भाजल्यागत झालं. भोवळ आली, उंबऱ्यातच बसले. ओकले. दुसऱ्या दिवशी नकोच म्हटलं. आईनं परत दिली. तिसऱ्यांदा मी आपणहून मागितली. पण आमच्या मिशेरीला कुठं आंब्याचा वास होता ओ? कडू ते कडूच."

मला वाटतं, अमेरिकेत या गोड चवींवरून पंधरा वर्षं चाललेल्या सगळ्या वादाचा गाभा काकूंनी त्या एका वाक्यात सांगितला. तंबाखूचा कडवटपणा आणि घशाला बसणारा तो पहिला फटका हा निसर्गानं दारात बसवलेला राखणदार आहे. कितीतरी पोरं पहिल्या झुरक्याला खोकून तिथूनच माघारी फिरतात. ज्यानं आंबा, टरबूज, पुदिना आत घातला त्यानं राखणदाराला रजा दिली. २०१५ साली अमेरिकेत जूल नावाचं यंत्र आलं, पेन ड्राइव्हएवढं. स्टॅनफर्डमध्ये डिझाइन शिकलेल्या दोघांनी काढलेलं. त्यांनी आणखी एक केलं. निकोटिन आम्लात मिसळून त्याचा क्षार वापरला, त्यामुळं जास्त निकोटिनही घशाला टोचेना. तिकडं त्यात पाच टक्के निकोटिन असायचं. युरोपानं निकोटिनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण दोन टक्क्यांवर बांधलेली आहे. चव गोड आणि घसा शांत. मग शाळकरी पोराला थांबवायला उरलं कोण? २०१९ च्या सरकारी पाहणीत तिथल्या हायस्कुलातली २७.५ टक्के मुलं गेल्या महिनाभरात वेप ओढलेली निघाली.

काकूंची थोरली लेक न्यू जर्सीत, एडिसनला. तिथं आपली इतकी माणसं आहेत की काकू गेल्या तेव्हा त्यांना भाकरीसुद्धा विकत मिळाली. नात हायस्कुलात. "तिच्या शाळंत बाथरूमच्या छताला यंत्र बसवलंय," काकू सांगू लागल्या. "कुणी वाफ सोडली की ऑफिसात घंटी वाजती. पोरगी म्हणाली, आजी, मी बाथरूमला घरी येऊन जाते, तिथं आत उभं राहायलाच जागा नसती. मी म्हटलं ही कसली शाळा ओ? पोरांची लघवी कोंडून धरणारी!"

न्यू जर्सीनं २०२० च्या एप्रिलपासून चवीच्या वेपवर बंदी घातली. लेक खूश झाली. पण डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया, आणि तिथं अशी बंदी नाही. शनिवारी कुणाचा तरी थोरला भाऊ गाडी काढतो आणि सोमवारी वर्गात माल. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं तर आणखीच गमतीचं झालं. २०२० च्या जानेवारीत तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, ठरवलं की बदलता येणाऱ्या कुपीतल्या गोड चवींवर कारवाई करायची, तंबाखू आणि मेंथॉल राहू द्यायचं. एकदाच वापरून फेकायचं वेप त्या यादीतून निसटलं. मग काय, पोरांनी जूल टाकून दिलं आणि ही फेकायची उचलली, रंगीबेरंगी, आणि आधीपेक्षा स्वस्त. पळवाट ठेवायची असेल तर इतकी रुंद कशाला ठेवावी, असं माझ्यासारख्या शिक्षिकेला वाटतं. पण नियम लिहिणाऱ्यांना मुलं कधी भेटत नसावीत.

"आणि जावईबापूंचं मत काय?" मी मुद्दाम विचारलं, कारण ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं.

"त्याचं निराळंच! तो कॉलेजापास्नं सिगारेट ओढत हुता. पॅच लावून झालं, च्युइंगगम खाऊन झालं. शेवटी ह्या वाफेवर सुटली, आंब्याच्याच. लेक म्हणती, आई, बंदी चांगली. तो म्हणतो, मोठ्या माणसाला काय आवडावं हे सरकार कोण सांगणार? सिगारेट सोडायची आणि वास मात्र सिगारेटीचाच घ्यायचा? म्हंजे दारू सोडणाऱ्याला दारूच्याच वासाचं सरबत द्यायचं! आठ दिवस जेवणाच्या टेबलावर हेच. मी आपली गप भाकरी थापतेय."

जावईबापू थापा मारत नाहीत. सिगारेट सोडवायला निकोटिनचं वेप पॅचपेक्षा किंवा च्युइंगगमपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं कॉक्रेन या संस्थेनं अनेक चाचण्या एकत्र तपासून म्हटलेलं आहे. जे जळत नाही त्यात धुरातलं डांबर नसतं, हेही खरं. इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट ओढणाऱ्याला 'त्यापेक्षा हे ओढा' सांगते, आणि त्याच देशानं १ जून २०२५ पासून फेकायच्या वेपची विक्री बंद केली. दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या. त्यात मला विसंगती दिसत नाही. चाळिशीतला माणूस आणि चौदा वर्षांचं पोर यांना एकच वस्तू दोन दिशांनी ओढते. एकाला सिगारेटीतून बाहेर, दुसऱ्याला निकोटिनच्या आत. अमेरिकेतला सगळा खटला याच प्रश्नावर चालला की चवीमुळं मोठ्यांचं होणारं भलं मुलांच्या नुकसानीला पुरून उरतं काय. ते कंपनीनं सिद्ध करावं असं एफडीए म्हणाली आणि हजारो अर्ज फेटाळले. एका अर्जातल्या चवीचं नाव होतं 'जिमी द ज्यूस मॅन' पीची स्ट्रॉबेरी. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्तींनी एकमतानं एफडीएच्या बाजूनं निकाल दिला. काळे झगे घातलेली ती म्हातारी माणसं गंभीर चेहऱ्यानं 'ज्यूस मॅन' वाचतायत हे डोळ्यांपुढं आणलं की मला अजून हसू येतं. तोवर मुलांमधलं प्रमाण बरंच उतरलं होतं, २०२४ साली हायस्कुलात ७.८ टक्के. पण जी ओढत होती त्यांतली दहातली जवळजवळ नऊ चवीचंच ओढत होती.

"आपल्याकडं तर सगळंच बंद हाय न्हवं?" काकूंनी विचारलं.

बंदच आहे. चव आहे की नाही, वय किती, हा प्रश्नच ठेवलेला नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं. त्या म्हणाल्या, चारशेवर ब्रँड आहेत, दीडशेवर चवी आहेत, आणि एकही भारतात बनत नाही. आधी वटहुकूम, मग डिसेंबरात कायदा. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात, साठवण, सगळ्याला मनाई. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घोषणेच्या दिवशी शेअर बाजारात सिगारेट कंपन्यांचे भाव वर गेले. भाव वर गेल्यावर आनंद झालेल्यांत सरकारी आयुर्विमा महामंडळही असणार, कारण सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीचा भलाथोरला हिस्सा त्यांच्याकडं. मला बंदीबद्दल तक्रार नाही. उलट आपल्याकडं ती जास्त बसते असंच माझं मत आहे. जावईबापूंचा युक्तिवाद इथं लंगडा पडतो, कारण आपला तंबाखूवाला मुळात ओढणारा कमी आणि चघळणारा जास्त. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत २१.४ टक्के मोठी माणसं न जळणारा तंबाखू खात होती, धूर काढणारी १०.७. गालात गोळी ठेवणाऱ्याला वाफ देऊन तुम्ही काय सोडवणार? काकूंच्या डबीवर आंब्याच्या वाफेचा उतारा चालेल काय, मी त्यांनाच विचारलं.

"नळकांडं घिऊन मी काय करू? दात घासू?"

मला खुपतं ते दुसरंच. आमच्या शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेघ आहे. २००३ च्या कायद्यानं तेवढ्या अंतरात तंबाखू विकता येत नाही. शिपाईमामांनी आणि मी टेप धरून मोजलं होतं, एक्याण्णव मीटर आणि वर थोडं. पानटपरी रेघेच्या पलीकडं दोन पावलांवर, अगदी कायद्यात बसलेली. तिथं काय मिळतं? गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद, म्हणून तो मागच्या पिशवीतून. सुटी सिगारेट २०२० पासून बंद, म्हणून ती डब्यातून एकेक. आणि उघड्यावर, दर्शनी, वर छापील चित्रासकट, फिल्टरमध्ये पुदिन्याची बारीक गोळी असलेली सिगारेट. दातांनी चावली की 'टक' वाजते आणि धूर गार लागतो. मुलं तिला 'क्लिक' म्हणतात. अमेरिकेनं २००९ सालीच मेंथॉल सोडून बाकी चवींच्या सिगारेटी बंद केल्या. आपल्याकडं पुदिन्याची वाफ विकली तर तुरुंग, पुदिन्याचा धूर विकला तर जीएसटी. हे मी वर्गात कसं शिकवायचं? दहावीची मुलं आता मूर्ख नसतात, विचारतात.

"पण ते फुप्फुस वितळतं म्हणे," काकू म्हणाल्या. "माझ्या मोबाइलवर आलंय. पोरगं मेलं, फोटोसकट."

तेही मला पुसावं लागलं. २०१९-२० मध्ये अमेरिकेत अडुसष्ट माणसं दगावली ते खरं. पण बहुतेकांनी ओढली होती ती गांजातल्या अर्काची बाजारू कुपी, तिच्यात ई-जीवनसत्त्वाचं तेल घातलेलं. मुलांना ते दाखवून घाबरवलं तर ती फोन काढून दोन मिनिटांत शोधतात, आणि मग खरं सांगितलेलंही ऐकत नाहीत. वाढत्या वयातल्या मेंदूवर निकोटिन लवकर पकड धरतं हे खरं आहे आणि एवढंच पुरेसं आहे. त्याला भुताखेतांची जोड कशाला?

"ते सगळं असू दे. हे पोराला मिळालं कुठं? दुकानात तर न्हाई."

"मोबाइलवर. कुणीतरी पैसे भरले, कुरिअर आलं. वहिनींनीच सही करून घेतलं. वर 'स्टेशनरी' लिहिलेलं."

काकूंनी तोंडावर हात मारला. बंदीची ही बाजू कुणी फारशी बोलत नाही. टपरीवाला निदान पोराचा बाप ओळखतो, त्याला शरम घालता येते. कुरिअरच्या पोराला वय कोण विचारणार? २०१९ च्या शाळकरी मुलांच्या पाहणीत १३ ते १५ वयाच्या मुलांपैकी ८.५ टक्के कुठला ना कुठला तंबाखू वापरणारी होती, आणि ई-सिगारेट एकदा तरी ओढलेली २.८ टक्के. म्हणजे आंब्याच्या वासापेक्षा टपरीचा वास अजून मोठा आहे. पण हा आकडा वाढला तर आपल्याला कळणार कसा? परवाना असता तर दुकान मोजता आलं असतं.

"आता ते नळकांडं हाय कुठं?" काकूंनी आवाज खाली आणला.

"वहिनींनी आधी मला विचारलं. घंटागाडीत टाकायला निघाल्या होत्या. म्हटलं नको, आत लिथियमची बॅटरी आहे, गाडीत दाबली गेली तर पेटेल. घरातही ठेवू नका, कायद्यात साठवणुकीलासुद्धा सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. तो कायदा मालाच्या साठ्यासाठी आहे, एका नगासाठी कोण येतंय. पण वहिनी घाबरल्या. म्हणाल्या, गावात जाणाऱ्या कुणाकडं तरी देते, मोबाइल दुरुस्तीवाला जुन्या बॅटऱ्या घेतो म्हणे."

काकू एकदम गप्प. मग कपाळाला हात.

"अगं बाई! काल आमचे तात्या शाहूपुरीत जाताना वहिनींनी एक पुडकं दिलं हुतं. दुरुस्तीवाल्याला द्या म्हणून. तात्यांनी दिलं. त्या पोरानं उघडलं, ओढून बघितलं, आणि म्हणालं, 'आजोबा, अर्धं शिल्लक हाय की ह्यात. टाकताय कशाला?' तात्या परत घिऊन आले. मी म्हटलं रेडिओचा कसला पार्ट असंल."

"मग आता?"

"देव्हाऱ्याच्या खालच्या खणात हाय. माझ्या मिशेरीच्या पुड्यांशेजारी." काकूंनी जुडी उचलली, दोन काड्या तोडल्या आणि पुन्हा थांबल्या. "बाई, सहा म्हैने कुणाला? तात्यांस्नी का मला?"